उदयपूर पाहावं कसं? पाण्याच्या वाटेनं

या मालेत आपण एकेका शहराकडे जरा थांबून पाहतो आहोत. आजचं शहर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल किंवा पुढच्या सुट्टीच्या यादीत तरी नक्की असेल. उदयपूर. तळी, राजवाडे आणि बागा यांचं शहर अशी त्याची ओळख. सहलीच्या पत्रकात या तिन्ही गोष्टींच्या वेगवेगळ्या याद्या असतात. पहिल्या दिवशी राजवाडा, दुसऱ्या दिवशी बागा, संध्याकाळी नौकाविहार. आज आपण या याद्या बाजूला ठेवणार आहोत आणि एकाच गोष्टीचा माग काढणार आहोत, ती म्हणजे पाणी. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे वळतं आणि शेवटी कुठे जातं, एवढं कळलं की राजवाडे आणि बागा आपोआप आपल्या जागी दिसायला लागतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू या. उदयपूरची तळी निसर्गाने दिलेली नाहीत. शहरातलं आणि शहराभोवतीचं जवळजवळ प्रत्येक मोठं तळं हे माणसाने घातलेल्या बांधामागे साठलेलं पाणी आहे. उदयपूरला वर्षाला साधारण ६०० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्याच्या जवळपास. तोही बहुतेक सगळा जुलै ते सप्टेंबर या दिवसांत. बाकीचं वर्ष कोरडं. एवढ्या पावसावर ‘तळ्यांचं शहर’ उभं राहतं, ही खरी नवलाची गोष्ट आहे.

खोऱ्याची रचना

हे कसं जमलं, ते जमिनीत दडलेलं आहे. उदयपूर अरवलीच्या डोंगरांनी वेढलेल्या एका खोलगट प्रदेशात वसलंय. या भागाला ‘गिर्वा’ म्हणतात, म्हणजे डोंगरांचं कडं. डोंगर खडकाळ, त्यांच्यावर मातीचा थर पातळ. त्यामुळे पाऊस पडला की पाणी फार मुरत नाही, वेगाने खाली येतं. दोन डोंगरांमधल्या अरुंद तोंडाशी बांध घातला, तर छोट्या भिंतीमागे मोठं पाणी साठतं. मेवाडच्या लोकांना ही गोष्ट शतकानुशतकं ठाऊक होती.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. महाराणा जयसिंहांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं जयसमंद. बांधाची लांबी चारशे मीटरच्या आत, उंची सुमारे ३५ मीटर आणि तळं पूर्ण भरलं की पाण्याचा पसारा ८० चौरस किलोमीटरहून जास्त. जयसिंहांचे वडील महाराणा राजसिंह. त्यांनी १६६२ मध्ये उदयपूरच्या उत्तरेला राजसमंदचं काम काढलं, ते दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. आपण ज्याला आज दुष्काळी कामं म्हणतो, तोच प्रकार. त्या बांधावर संगमरवरी घाट आहेत आणि २५ शिलांवर कोरलेली ‘राजप्रशस्ती’ ही संस्कृत रचना आहे. सांगायचा मुद्दा असा की मेवाडमध्ये तळं बांधणं हे राजाच्या कर्तव्यात धरलं जायचं. शौक म्हणून नाव काढायला किल्ले आणि महाल होतेच.

आता पाण्याच्या वाटेवर निघू या. वरून खाली.

सज्जनगड आणि पिछोला

सुरुवात करावी सज्जनगडापासून. समुद्रसपाटीपासून सुमारे ९४४ मीटर उंचीच्या बांसदरा डोंगरावर महाराणा सज्जनसिंहांनी १८८४ मध्ये हा महाल बांधायला घेतला. ढग कसे येतात ते पाहायचा महाल, म्हणून त्याला ‘मान्सून पॅलेस’ असंही म्हणतात. डोंगरमाथ्यावर विहीर कुठून असणार? म्हणून छतावरचं पावसाचं पाणी तळघरातल्या टाक्यात साठवायची सोय केलेली होती. बहुतेक लोक इथे सूर्यास्त पाहायला जातात. तो पाहावाच, पण त्याआधी अर्धा तास चहूकडे नजर फिरवावी. सगळी तळी, मधलं शहर आणि भोवतीचं डोंगरांचं कडं एका दृष्टिक्षेपात दिसतं. नकाशा समजायला याहून चांगली जागा नाही.

खाली दिसतं ते पिछोला. हे तळं शहराहून जुनं आहे. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने ते बांधलं, अशी परंपरा सांगते. बंजारे म्हणजे बैलांच्या तांड्यांवरून धान्य-मीठ वाहून नेणारे व्यापारी. तांड्याला पाणी लागतं, म्हणून तळं. जवळच्या पिछोली गावावरून त्याचं नाव पडलं. पुढे महाराणा उदयसिंह दुसरे यांनी १५५९ च्या सुमारास इथे नवं शहर वसवायला घेतलं, तेव्हा पिछोलाचा बांध वाढवून पक्का केला. १५६८ मध्ये अकबराने चित्तोड घेतलं आणि उदयपूर हीच मेवाडची राजधानी झाली. चित्तोड उघड्या मैदानातल्या एकट्या डोंगरावर आहे, वेढा घालायला सोपं. इथे मात्र शत्रूला डोंगरांच्या कड्यातून यावं लागायचं, आणि आत तळ्याचं पाणी होतं. पश्चिमेला तळं आणि बाकी बाजूंना तट, अशी शहराची रचना. सूरजपोल, हाथीपोल या वेशींची नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत.

पिछोलाच्या पूर्व काठावर सिटी पॅलेस आहे. हा एक वाडा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या एकाला एक जोडत गेलेले वाडे आहेत. आतले काचकाम, मोर चौकातले मोर, जुनी चित्रं यांचं वर्णन तुम्हाला कुठेही मिळेल. आम्ही एकच गोष्ट पाहायला सांगू. जिने चढत चढत तुम्ही खूप वर येता आणि अचानक एका बागेत पोचता. ही ‘बडी महल’. जमिनीतून उगवलेली मोठी झाडं इतक्या उंचीवर कशी? तर तिथे खरीच जमीन आहे. वाडा एका टेकडीला कवेत घेऊन बांधला आहे आणि तिचा माथा बाग म्हणून मोकळा ठेवला आहे. डोंगर न फोडता त्याच्या आधाराने बांधायचं, ही रीत लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला ती पुन्हा लागणार आहे.

पाण्यातले दोन महाल

पिछोलातल्या दोन बेटांवर मोठे महाल आहेत. दक्षिणेकडचं जगमंदिर जुनं. त्याचं बरंचसं काम महाराणा कर्णसिंह आणि त्यांचे पुत्र जगतसिंह पहिले यांच्या काळातलं. शहाजादा खुर्रमने बाप जहांगीर बादशहाविरुद्ध बंड केलं, तेव्हा कर्णसिंहांनी त्याला इथे आश्रय दिला. हाच खुर्रम पुढे शाहजहान झाला. इथलं दगडी जडावकाम पाहूनच त्याला ताजमहाल सुचला, असं सांगितलं जातं. तो दावा आपण गाईडवर सोडून देऊ. १८५७ मध्ये नीमचच्या छावणीतून पळालेल्या युरोपीय कुटुंबांनाही महाराणा स्वरूपसिंहांनी याच बेटावर ठेवलं होतं. चारी बाजूंनी पाणी म्हणजे आयता खंदक.

दुसरा जगनिवास. तो १७४३ ते १७४६ या काळात महाराणा जगतसिंह दुसरे यांनी बांधला. तरुणपणी त्यांना चांदण्या रात्री जगमंदिरावर मौज करायला जायचं होतं, वडिलांनी नकार दिला, म्हणून त्यांनी आपला वेगळाच महाल बांधला, असं सांगतात. विसाव्या शतकात साठच्या दशकात तिथे हॉटेल झालं, आणि आज उदयपूरचा जो फोटो जगभर दिसतो तो याच महालाचा.

आपला संबंध

इथे जरा थांबू या. ज्या जगतसिंहांनी हा महाल बांधला, त्यांचं नाव मराठी इतिहासातही येतं. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, तेव्हा उदयपुरात त्यांचं मोठ्या आदराने स्वागत झालं. पुढच्याच वर्षी, १७३६ च्या सुरुवातीला, खुद्द बाजीराव उदयपूरला आले. भोसले घराणं आपला वंश मेवाडच्या सिसोदियांशी जोडत असे. त्यामुळे पेशव्यांना महाराण्यांबद्दल आदर होता, आणि भेटीत त्यांनी तो पाळल्याचं सांगतात. पण आदर वेगळा आणि व्यवहार वेगळा. त्या भेटीत मेवाडने दरवर्षी खंडणी द्यायचं कबूल केलं.

पुढचा इतिहास आणखी कटू आहे. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी मेवाडच्या गादीच्या भांडणात पडून उदयपूरला वेढा घातला. शहर लढवलं ते अमरचंद बडवा या दिवाणाने. वेढा उठला, पण मोठी रक्कम कबूल करून. ती पुरी फिटेना, म्हणून नीमच, जावद असे परगणे शिंद्यांकडे गेले. आता गंमत बघा. गणगौर घाटावरची बागोर की हवेली, जिथे आपली मंडळी हमखास जातात, भली मोठी पगडी बघतात, संध्याकाळचा नाच बघतात, ती याच अमरचंद बडव्यांनी बांधलेली आहे. तिथे सेल्फी काढताना समोरच्या काठावरून आपण एकेकाळी काय म्हणून आलो होतो, याची आठवण ठेवायला हरकत नाही.

दुसरा धागा जरा सुखाचा आहे. शहराच्या पूर्वेला आहाड नावाचा भाग आहे. तिथल्या टेकाडाचं मोठं उत्खनन १९६१-६२ मध्ये झालं, आणि ते केलं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली. त्यातून ताम्रपाषाण काळातली वस्ती हाती आली. तांब्याचं काम करणारी, काळी-तांबडी भांडी वापरणारी आणि नदीकाठी घरं बांधून राहणारी माणसं. म्हणजे या खोऱ्यात पाण्याच्या आधाराने राहायची परंपरा चार हजार वर्षांहून जुनी आहे. तिथलं संग्रहालय लहान आहे, गर्दी नसते. आवर्जून जावं.

फतेहसागर आणि पंपाविना कारंजी

आता परत पाण्याकडे. पिछोला भरलं की पाणी स्वरूपसागरात येतं, आणि तिथून कालव्याने फतेहसागराला जोडलेलं आहे. तळी अशी एकात एक गुंफलेली. फतेहसागराचं मूळ तळं सतराव्या शतकातलं, जयसिंहांच्या काळातलं. पुढे बांध पुराने खराब झाला, तो महाराणा फतेहसिंहांनी १८८९ च्या सुमारास नव्याने बांधला, म्हणून हे नाव. उत्तरेकडच्या मदार तलावांचं पाणीही कालव्याने इथे येतं.

फतेहसागराच्या मधोमध एका बेटावर पांढरी इमारत दिसते. ती सौर वेधशाळा. सूर्य पाहायला तळ्यात कशाला जायचं? कारण साधं आहे. उन्हात जमीन पटकन तापते, तिच्यावरची हवा थरथरत वर जाते, आणि दुर्बिणीतली प्रतिमा हलते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा नाचताना आपण पाहतोच. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे त्यावरची हवा बरीच स्थिर राहते. एकोणिसाव्या शतकातल्या बांधाचा हा विसाव्या शतकातला उपयोग.

याच तळ्याच्या बांधाखाली ‘सहेलियों की बाडी’ आहे. महाराणा संग्रामसिंह दुसरे यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजस्त्रियांसाठी ही बाग केली. इथली कारंजी पाहायला लोक येतात. गाईड टाळी वाजवतो आणि कारंजं सुरू होतं. अर्थात टाळी ऐकून कोणीतरी झडप उघडत असतो. पण खरी करामत वेगळी आहे. या कारंज्यांची मूळ रचना पंपाविना चालणारी. तळं वर, बाग खाली. नळातून आलेलं पाणी आपल्या मूळ पातळीकडे परत उसळी घेतं, तेवढ्यावर ही कारंजी उडतात. पुणेकरांना हे नवं नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पाणी याच तत्त्वावर शहरातल्या हौदांपर्यंत आणि शनिवारवाड्याच्या कारंज्यांपर्यंत आणलं होतं.

याचा अर्थ असा की इथली कारंजी तळ्याच्या पातळीवर जगतात. तळं भरलेलं तर जोर, तळं उतरलं तर जोर कमी. बागेत बसलेल्या माणसाला तळ्यात पाणी किती, हे कारंज्याच्या उंचीवरून कळावं, अशी ही जोडणी.

लोकांचे सणही या पाण्याला बांधलेले आहेत. हरियाली अमावस्येला फतेहसागर आणि सहेलियों की बाडी इथे दोन दिवस जत्रा भरते, आणि दुसरा दिवस फक्त बायकांचा असतो. तिथले महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून त्यांची श्रावणातली ही अमावस्या आपल्याकडे आषाढात पडते. आपण दिव्यांची पूजा करतो, त्याच दिवशी. पावसाळ्यात तळं भरून वाहायला लागलं की सांडव्यावर गर्दी जमते, काही जण पूजा करतात. पाणी आलं हीच तिथे बातमी असते.

पाणी पुढे कुठे जातं

बहुतेक पर्यटकांचं उदयपूर इथे संपतं. पाण्याचं मात्र संपत नाही. या तळ्यांचं जादा पाणी आहाड नदीत जातं, आहाड पूर्वेला उदयसागरात जाते. तिथून पुढे नदीचं नाव बेडच, मग बनास, मग चंबळ, यमुना आणि गंगा. म्हणजे पिछोलाच्या सांडव्यावरून गेलेला थेंब बंगालच्या उपसागराला मिळू शकतो. आणि थोडं पश्चिमेला, डोंगराच्या पलीकडे पडलेला पाऊस साबरमतीतून अरबी समुद्रात जातो. उदयपूर भारताच्या पाणलोटाच्या उंबऱ्यावर वसलेलं आहे.

उदयसागर हे उदयसिंहांचं स्वतःचं तळं, शहराइतकंच जुनं. मानसिंह आणि राणा प्रताप यांच्या फसलेल्या भेटीची प्रसिद्ध कथा याच्याच पाळीवर घडल्याचं सांगतात. पण सहलीच्या यादीत ते क्वचितच असतं. कारण आहाड नदी शहरातून जाताना शहराचं सांडपाणी घेऊन येते, आणि ते इथे साचतं. वरची तळी शहराची बैठकीची खोली झाली आणि खालचं तळं मोरी झालं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

वरच्या तळ्यांचंही सगळं सुरळीत नाही. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत पिछोला आटलं, आणि जगनिवासच्या भोवती पाण्याऐवजी कोरडी जमीन दिसत होती. त्यानंतर पलीकडच्या साबरमती खोऱ्यातलं पाणी धरणं आणि बोगदा यांच्या मदतीने अलीकडे वळवण्यात आलं. काठावरचं सांडपाणी तळ्यांत जाऊ नये म्हणून राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेतून कामं झाली. शहरातले नागरिक वर्षानुवर्षं तळ्यांसाठी भांडत आले, न्यायालयांपर्यंत गेले. २०२५ मध्ये इंदूरबरोबर उदयपूरला रामसर कराराखाली ‘पाणथळ शहर’ ही मान्यता मिळाली. भारतातली ही पहिली दोन शहरं.

हे सगळं चांगलंच आहे. पण मूळ प्रश्न तळ्याच्या काठावर नाही, तो वर डोंगरात आहे. तळ्यात पाणी डोंगरावरून येतं. डोंगर कापून रिसॉर्ट आणि बंगले बांधले, की झाडं जातात, ओढ्यांच्या वाटा अडतात आणि पाण्याऐवजी गाळ तळ्यात येतो. आणि ही बांधकामं कशासाठी होतात? तळ्याचं दृश्य दिसावं म्हणून. म्हणजे आपण पर्यटक ज्या दृश्यासाठी पैसे मोजतो, त्याच दृश्याचा पाया आपल्या पैशातून उकरला जातो. राजवाडा बांधताना टेकडी कवेत घेतली होती, हे मघाशी पाहिलं. आज टेकडी सपाट करून त्यावर खोल्या चढतात. आणखी एक गोष्ट. पिछोला आणि फतेहसागर हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचेही साठे आहेत. ज्या पाण्यात आपण नावेतून फिरतो, ते कोणाच्या तरी घरच्या माठात जाणार असतं.

जायचं असेल तर

लोक विचारतात, जायचं कधी? थंडी हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण पाण्याचं उदयपूर पाहायचं असेल तर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. डोंगर हिरवे असतात, आणि पाऊस बरा झाला असेल तर तळी भरलेली असतात. पाऊस कमी झाला असेल तरीही जावं. उतरलेलं पाणी आणि उघडे पडलेले घाट पाहिले की या शहराला बांध का लागले, ते न सांगता कळतं.

तीन दिवस असतील तर आजच्याच क्रमाने फिरा. पहिल्या दिवशी सज्जनगड आणि पिछोलाचा काठ. दुसऱ्या दिवशी राजवाडा, जगमंदिर, गणगौर घाट. तिसऱ्या दिवशी फतेहसागर, सहेलियों की बाडी, आहाडचं संग्रहालय, आणि परतीचं विमान डबोकहून असेल तर वाट थोडी वाकडी करून उदयसागर. राहायची जागा निवडताना ती जुन्या शहरात आहे की नव्याने कापलेल्या टेकडीवर, आणि तिचं सांडपाणी कुठे जातं, हे विचारा. हॉटेलवाले सुरुवातीला चमकतील. चार जणांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवतील, आणि चाळीस जणांनी विचारलं तर कदाचित सोयही करतील.

एका बंजाऱ्याने बैलांना पाणी मिळावं म्हणून अडवलेल्या ओढ्यापासून हे शहर सुरू झालं, आणि पुढच्या प्रत्येक पिढीने त्या कामात थोडी भर घातली. आता त्या शहरात दरवर्षी जाणाऱ्यांत आपणही आहोत, तेव्हा आपला वाटा कोणता, तो आपणच ठरवायचा आहे. आज इथेच थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.